किडा गेला, खाज राहिली: चिगर चावल्यावर या चुका टाळा

पक्षी बघायच्या नादात मी दोन तास गवतात बसून होतो. डास नव्हते, मुंग्या नव्हत्या, एकदाही काही चावल्यासारखं वाटलं नाही. घरी आलो, जेवलो, झोपलो. मध्यरात्री कमरेला अशी खाज सुटली की उठून दिवा लावावा लागला. पँटच्या इलॅस्टिकचा वळ उठला होता, नेमक्या त्याच रेषेवर लाल पुरळ. मोज्याची कड जिथे येते तिथेही तसंच. मी गादी उलटीपालटी करून ढेकूण शोधले, चादर बदलली, डासांची कॉइल लावली. साप निघून गेल्यावर भुई धोपटण्याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

चावला होता चिगर, तोही संध्याकाळी, गवतात. बहुतेक चुकांचं मूळ इथेच असतं. खाज सुटते त्या वेळी किडा चावला असं आपण धरून चालतो आणि अंगावर नसलेल्या किड्याशी झगडत बसतो.

नेलपॉलिश लावणं

चिगर म्हणजे माइटची अळी. माइट हे कोळी आणि गोचीड यांच्या गोत्रातले. अळीला सहा पाय, रंग नारिंगी-लाल, लांबी जेमतेम पाव मिलिमीटर. पुढे आठ पाय फुटले की हे जीव माणसाला चावत नाहीत, त्रास फक्त या पोरवयात. अळी गवताच्या पात्यावर दबा धरून बसते, कुणी घासून गेलं की कपड्यावर येते आणि वर चढत राहते. कपडा घट्ट झाला की तिची वाट अडते आणि मग ती तिथेच ठाण मांडते. म्हणून कंबर, मोज्याची कड, गुडघ्यामागची लवण, जांघ, काख.

ती रक्त पीत नाही आणि कातडीच्या आतही शिरत नाही. ती लाळ सोडते, लाळेतल्या विकरांनी त्वचेच्या पेशी विरघळतात आणि तो रस ती ओढून घेते. त्या जागी त्वचा कडक होऊन एक बारीक नळी तयार होते. अळी गळून पडली तरी नळी आणि लाळ मागे राहते आणि शरीराची सगळी चिडचिड त्यावर असते. खाज साधारण 3 ते 6 तासांनी सुरू होते, पहिल्या एक-दोन दिवसांत कळस गाठते आणि पूर्ण जायला आठवडा-दोन आठवडे घेते.

‘नेलपॉलिश लावलं की आतला किडा गुदमरून मरतो’ हा सल्ला इथेच बाद होतो. आत कुणी नाहीच. माझ्या एका मित्राने वीसेक ठिपके इमानेइतबारे लाल रंगवले. दुसऱ्या दिवशी पुरळ तेवढंच होतं, फक्त चकाकत होतं. रॉकेल, ब्लीच, स्पिरिट यांची तर चिडलेल्या त्वचेवर वेगळीच आग होते, ती नकोच.

आल्या आल्या आंघोळ न करणं

माझी खरी चूक ही. अळीला चांगली जागा सापडेपर्यंत ती अंगावर बराच वेळ भटकत असते, आणि चिकटली तरी तिची पकड नाजूक असते. साबणाचा फेस आणि खरखरीत टॉवेल एवढ्यावर ती निघून जाते. नुसतं अंगावर पाणी घेऊन भागत नाही, घासावं लागतं. कपडे पलंगावर किंवा खुर्चीवर टाकू नका, थेट गरम पाण्यात धुवायला टाका. तीच पँट दुसऱ्या दिवशी पुन्हा चढवली तर कालची पाहुणी परत अंगावर. तो पहिला तास पुढच्या सगळ्या मलमांपेक्षा कामाचा आहे.

हाताला लागेल ते मलम

खाज सुटल्यावर गार पाण्याची पट्टी, कॅलामाइन, 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोन (सौम्य स्टेरॉइड मलम) आणि झोप उडत असेल तर सेटिरिझिनसारखी ॲलर्जीची गोळी, एवढं पुरतं. मुलांना आणि गरोदर बाईला गोळी डॉक्टरांना विचारूनच. कपाटात पडलेलं ‘खाज-गजकर्णावरचं’ मलम मात्र लावू नका. त्यात अनेकदा तीव्र स्टेरॉइड असतं. ते जांघेसारख्या नाजूक जागी दिवसेंदिवस लावलं तर त्वचा पातळ होते आणि बुरशी असेल तर ती दबून पसरत राहते.

नखं कापा. विनोद नाही, रात्री झोपेत आपण खाजवतोच आणि जंतुसंसर्ग त्यातून होतो. लाली पसरत चालली, पू आला, ताप चढला तर घरचे उपाय थांबवून दाखवायला जा.

डासांसाठी फवारतो तसं फवारणं

हात, मान, चेहरा यांना औषध फासायचं आणि बूट-मोजे कोरडे ठेवायचे, ही डासांची सवय. चिगर आणि गोचीड खालून येतात. 20 ते 30 टक्के डीट किंवा 20 टक्के पिकारिडिन असलेलं, किडे दूर ठेवणारं औषध उघड्या त्वचेवर लावा, मोज्यांवर आणि पँटच्या कडांवर मारा, आणि पँट मोज्यात खोचा. दिसायला वाईट दिसतं, दिसू द्या. सनस्क्रीन आधी, हे नंतर. डीट प्लॅस्टिक खातं. माझ्या दुर्बिणीच्या झाकणावर बोटांचे ठसे कायमचे उमटलेत. 0.5 टक्के पर्मेथ्रिन हे कीटकनाशक फक्त कपड्यांसाठी. कपडे वाळल्यावरच घाला, आणि घरात मांजर असेल तर ओले कपडे तिच्यापासून लांब ठेवा, कारण तिला ते विषारी असतं.

सगळ्या किड्यांना एकच न्याय

गोचीड चिकटली असेल तर गोष्ट उलटी. किडा खरंच जागेवर असतो आणि त्याला काढायचंच असतं. काडीचा चटका, तेल, व्हॅसलीन यांनी तिने आपणहून सोडायची वाट बघण्यात वेळ जातो, आणि ती जितकी जास्त वेळ चिकटलेली तितका रोगाचा धोका जास्त. टोकदार चिमट्याने तिला त्वचेलगत, तोंडाजवळ धरा आणि न पिळता, हिसका न देता सरळ वर ओढा. तोंडाचा तुकडा आत राहिला तर सुईने खणत बसू नका, त्वचा तो बाहेर टाकते.

मधमाशीच्या नांगीचा विषाचा कोश तुटल्यावरही विष सोडत राहतो. चिमटा शोधू नका, नखाने खरवडा, पण लगेच. ओठ सुजले, श्वास अडकू लागला, चक्कर आली तर थेट आपत्कालीन विभाग.

दिव्यावर येणारा काळा-नारिंगी पट्ट्यांचा बारीक लांबट किडा मानेवर बसला तर चापट मारू नका. तो चावत नाही, पण चिरडला की त्याच्या रसाने दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखा पट्टा उठतो. फुंकर मारून उडवा. चिरडलाच तर लगेच साबणाने धुवा.

नंतर आलेला ताप वेगळा धरणं

आशिया-प्रशांत भागात लेप्टोट्रॉम्बिडियम वंशातले चिगर स्क्रब टायफस हा जिवाणूंचा ताप देतात. त्याचा ताप चावल्यावर 6 ते 21 दिवसांनी येतो, तोवर आपण गवत विसरलेलो असतो. चावल्या जागी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली उठू शकते. ती सहसा दुखत नाही, खाजतही नाही. जांघेत, काखेत, स्तनाखाली लपते, त्यामुळे कपडे काढून शोधल्याशिवाय दिसत नाही, आणि कधीकधी नसतेही. लस नाही, पण डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक वेळेत सुरू झालं तर चांगलं लागू पडतं. उशीर झाला तर फुप्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू यांवर बेततं.

म्हणून मी हल्ली रानातून आलो की आंघोळीला जायच्या आधी कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करतो. पुढच्या तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य ‘अमुक तारखेला गवतात बसलो होतो’ हेच.