चंदीगडला गेलात तर जानरेंचं घर नीट कसं बघायचं

चंदीगड म्हटलं की सगळे कॅपिटल कॉम्प्लेक्स बघतात, रॉक गार्डनला जातात आणि परत येतात. पण सेक्टर ५ मधलं ५७ नंबरचं घर चुकवू नका. चंदीगडचा आराखडा करणारे वास्तुकार ल कॉर्ब्युझिए, त्यांचे चुलतभाऊ आणि स्वतःही वास्तुकार असलेले पिअर जानरे इथे १९५४ ते १९६५ राहिले, आणि खरं सांगायचं तर हे शहर प्रत्यक्ष उभं करण्यात रोज साइटवर राबले ते हेच. २०१७ पासून घराचं म्युझियम झालंय. निघायच्या आधी सुट्टीचा वार आणि वेळ तेवढी चेक करा.

पोचल्यावर लगेच आत घुसू नका. आधी रस्त्यावर उभं राहून आजूबाजूची सरकारी घरं बघा, मग हे बघा. घराचा टाइप आहे ४-जे. म्हणजे सरकारी घरांचे जे दर्जे ठरवले होते त्यातला चौथा, आणि 'जे' म्हणजे ज्याने डिझाइन केलं त्याच्या आडनावाचं अक्षर. स्वतःसाठी वेगळा बंगला न बांधता हा माणूस अधिकाऱ्यांसाठी स्वतःच काढलेल्या टाइपमध्ये राहिला, मला या घरातली हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

शक्यतो ऊन असताना जा. विटा प्लास्टर न करता तशाच उघड्या ठेवल्यात, मधे पांढऱ्या भिंती, आणि भिंतीत सोडलेल्या भोकांतून ऊन आत कसं येतं ते ढगाळ दिवशी कळतच नाही. तिथल्या उन्हाळ्यात एसी नसताना घर राहण्यासारखं ठेवायचं होतं, त्यामुळे सावली आणि वारा हाच सगळा हिशोब, आणि तो एका खोलीत दहा मिनिटं गप्प उभं राहिलं की अंगाला समजतो.

फर्निचरपाशी थांबा. सागवान, वेत, बांबू, दोरी, साधं जवळपास मिळणारं सामान. याच माणसाच्या डिझाइनच्या ऑफिसातल्या खुर्च्या भंगारात गेल्या आणि नंतर परदेशातल्या लिलावात लाखांत विकल्या गेल्या, फार वाईट वाटतं.

नंतर संध्याकाळी सुखना लेकला जा, जवळच आहे. तिथल्या पॅडल बोटी जानरेंनीच डिझाइन केल्या होत्या. १९६७ मध्ये ते जिनिव्हात वारले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे १९७० मध्ये पुतणीने अस्थी इथे आणून याच पाण्यात सोडल्या.