शेजारच्या टेबलावरचा स्पीकरफोन कसा बंद करायचा

आमचं ऑफिस रत्नागिरीत, माणसं दहा-बारा, त्यामुळे कोणाशी वाकडं घेऊन चालत नाही, संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर तोच माणूस समोर येतो. तर स्पीकरवर बोलणाऱ्याला सगळ्यांसमोर टोकायचं नाही. चहाला जाताना बाजूला घ्या आणि सरळ सांगा, "काका, तुमच्या वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन मला तारखेसकट पाठ झालंय, जरा इअरफोन लावा ना." आमचे काका हसले, दुसऱ्या दिवशी इअरफोन लावून आले, आता स्वतःच दुप्पट ओरडतात, ते असो.

व्हॉट्सॲपवर नुसतं "हाय" टाकून गप्प बसणाऱ्यांना उलट "हाय" करू नका, "बोला, काय काम होतं?" एवढंच लिहा, मुद्द्यावर येतात. गुड मॉर्निंगच्या फुलांवरून भांडू नका, ग्रुप म्यूट करा, ८ तास, आठवडा नायतर कायमचा, कोणाला कळतपण नाही. आणि रागात काही लिहून गेलंच तर १५ मिनिटांच्या आत एडिट करता येतं, फक्त खाली 'एडिटेड' दिसतं.

मायक्रोवेव्हमध्ये बांगडा गरम करणाऱ्याला काय सांगायचं? मी काहीच सांगत नाही, तो मला एक तुकडी देतो. खिडकी उघडा.

गणपतीची रजा मात्र तोंडी ठरवू नका. कोणाचा दीड दिवसाचा, कोणाचा पाच दिवसांचा, कोणाचा गौरीबरोबर जाणारा, हे महिनाभर आधी ग्रुपवर लिहून वाटून घ्या, नायतर चतुर्थीच्या आदल्या दिवशी कुलूप कोणी लावायचं यावरून भांडण.