दहा बाय अकराच्या खोलीत हँडप्रेसचं टेबल

टिचबटणं आणि आयलेट (कापडाच्या भोकाला बसवायची धातूची कडी) बसवायचा हँडप्रेस घेतला, तेव्हा तो ठेवायचा कुठे याचा मी विचारच केला नव्हता. मुलीचं जुनं अभ्यासाचं टेबल रिकामं होतं. त्यावर चार लाकडी स्क्रू पिळून प्रेस बसवला आणि कामाला लागले. ते टेबल भुसा दाबून केलेल्या बोर्डाचं होतं. अकराव्या दिवशी मागचे दोन स्क्रू भुशासकट उपटून आले आणि प्रेस पुढे कलंडून फरशीवर पडला. फरशीला तडा गेला, दांड्याची पिन वाकली, दुसऱ्या दिवशी द्यायच्या चाळीस पिशव्या तशाच राहिल्या. माझा पाय तिथून वीतभर लांब होता.

बाबा रेल्वेत फिटर होते, सारा जन्म नागपूरच्या अजनीत गेला. ते आले आणि तुटक्या टेबलाकडे न बघता आधी प्रेसच्या दांड्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "पोरी, दाब वरून येते, पण टेबल खालून मोडते. आधी दाब कुठून कुठं जाते ते पाह्य, मंग लाकूड आण." पुढचं सगळं टेबल मी या एका वाक्यावर उभं केलं. आज त्याला तीन वर्षं झाली.

माझी खोली दहा बाय अकरा फुटांची. खिडकीत कूलर, एका भिंतीला दिवाण, एका कोपऱ्यात शिलाई मशीन. टेबलासाठी दोन फूट रुंद आणि सोळा इंच खोल एवढीच जागा उरत होती. शिवाय प्रदर्शनाला न्यायचं तर ते दहा मिनिटांत सुटं होऊन स्कूटरवर बसलं पाहिजे. म्हणून घडीचं टेबल घ्यायचा मोह झाला होता. पण घडीच्या पायाला बिजागरी असते, आणि दर वेळी दांडा ओढला की नेमका तिथेच हिसका बसतो. टेबल हललं की दाब बटणावर न पडता टेबलात मुरतो. मग आपण आणखी जोर लावतो, आयलेटची कड वाकडी वळते किंवा फुलासारखी फाटते, आणि दोष मात्र आपण आयलेटला देतो. म्हणून घडी नको, नट-बोल्टनं सुटं होणारंच टेबल करा.

उंची आधी ठरवा, आणि ती प्रेसवरून ठरवा. प्रेस घरातल्या कुठल्याही ओट्यावर ठेवा, दांडा पूर्ण खाली आणा आणि मूठ प्रेसच्या तळापासून किती उंच राहते ते मोजा. आता ताठ उभं राहून कोपर काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचं माप घ्या. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की फळीची उंची निघते. माझं कोपर ३७ इंचांवर, मूठ ६ इंचांवर, म्हणून टेबल ३१ इंच. दुकानातलं तयार टेबल साधारण ३० इंचांचं असतं. एका इंचाचा फरक छोटा वाटेल, पण रोज दोनशे बटणं लावल्यावर तो खांद्याला कळतो.

वरच्या फळीला १८ मिलिमीटरचे प्लायचे दोन तुकडे एकावर एक चिकटवा, म्हणजे ३६ मिलिमीटर जाडी मिळते. अख्खी आठ बाय चारची शीट घेऊ नका. लकडगंजात कापून उरलेले तुकडे मिळतात. २४ बाय १६ इंचाचे दोन मागा आणि त्यावर आय.एस. ७१० हा शिक्का आहे का बघा. ती पाण्याला टिकणारी प्लाय असते, आणि ज्या घरात चार महिने कूलर चालतो तिथे तीच हवी. फेविकॉल लावायचं काम सकाळी लवकर करा. मी पहिल्यांदा नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी बसले, आणि दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचेस्तोवर पहिल्या टोकाच्या फेविकॉलवर साय आली होती. दोन्ही तुकडे जुळवून खालच्या बाजूनं सहा स्क्रू द्या, वर पाण्यानं भरलेले तेलाचे दोन पिपे ठेवा आणि रात्रभर हात लावू नका.

फळीसाठी सागवानाचा हट्ट धरू नका. आमच्या शेजारच्या चंद्रपूर-बल्लारशाच्या सागवानाचं नाव मोठं आहे, अयोध्येतल्या राममंदिराच्या दारांसाठीही तेच गेलं. पण अख्ख्या लाकडाची रुंद फळी मे महिन्यात आक्रसते आणि ऑगस्टमध्ये फुगते. प्रेसचा तळ सपाट बसायचा तर ते चालत नाही. सागवान पायांना वापरा. महालातल्या आमच्या एका नातेवाइकांचा वाडा पाडला तेव्हा चौकटीचा एक खांब मला मिळाला. त्यातून दोन बाय दोन इंचाचे चार पाय निघाले. जुनं लाकूड करवतीखाली घालण्याआधी त्यावरून चुंबक फिरवा. माझ्या खांबात तीन खिळे डोकं तुटून आत बसलेले होते, सुतारभाऊंचं पातं वाचलं.

पायांची जोडी उजवीकडे एक आणि डावीकडे एक करा. पुढचा आणि मागचा पाय वर एका आणि खाली एका आडव्या पट्टीनं जोडायचा. हे जोड मात्र कायमचे, कुसू-भोकाचे (एका लाकडाचं कोरलेलं टोक दुसऱ्याच्या भोकात), फेविकॉल लावून. हत्यारं नसतील तर एवढंच काम सुताराकडून करून घ्या. बाकी सगळं बोल्टवर. दोन जोड्यांना खाली एक फळी जोडते आणि मागे, वरच्या फळीच्या लगेच खाली, सहा इंच रुंदीची प्लायची उभी पट्टी. ही मागची पट्टी बरेच जण सोडतात. ती नसेल तर टेबल डावी-उजवीकडे डुलतं, कितीही जाड पाय लावा. वरच्या फळीला चार, खालच्या फळीला चार, मागच्या पट्टीला चार असे एकूण बारा बोल्ट. सगळे आठ मिलिमीटरचे घ्या, म्हणजे १३ नंबरचा एकच पाना पुरतो.

आता प्रेस. तो फळीच्या मधोमध बसवायचा नाही. मधली फळी पुलासारखी असते, दाब पडला की तिथेच लवते. प्रेस उजव्या पायांच्या अगदी शेजारी घ्या, म्हणजे दाब फळीतून सरळ पायात आणि पायातून जमिनीत जातो. डावखुऱ्यांनी डाव्या बाजूला. तळाच्या चार भोकांतून आरपार तीन इंची बोल्ट टाका आणि फळीच्या खाली नुसता वायसर न लावता सहा मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी द्या. पुढच्या दोन बोल्टना एक आणि मागच्या दोन बोल्टना एक. दांडा ओढताना प्रेस मागून उचलायला बघतो, म्हणून मागची पट्टी जास्त महत्त्वाची. माझे स्क्रू तिथूनच उपटले होते. वायसर प्लायमध्ये हळूहळू रुततो, पट्टी रुतत नाही. इतवारीत लोहा ओळीत अशी पट्टी कापून आणि भोकं पाडून मिळते. जाताना कागदावर प्रेसच्या तळाचा छाप काढून न्या, तोंडी माप सांगू नका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. त्या दिवशी इतवारीकडे फिरकायचं असेल तर मारबत बघायलाच जा, खरेदी होणार नाही.

प्रेस पक्का बसला तरी अख्खं टेबल पुढे कलंडू शकतं. बाबांनी मला याचा हिशेब करायला लावला, तो इथे देते. गॅसचं सिलिंडर तोलायचा काटा मी दांड्याच्या टोकाला अडकवून ओढला, आयलेट बसायला साधारण १५ किलो लागले. दांड्याचं टोक पुढच्या पायांच्या ८ इंच पुढे येतं. १५ गुणिले ८ म्हणजे १२०, हा कलंडवणारा जोर. टेबलाचं वजन १३ किलो, त्याचा मध्य पुढच्या पायांपासून ८ इंच मागे, म्हणजे १०४. प्रेस ६ किलोचा, ३ इंच मागे, म्हणजे १८. दोन्ही मिळून १२२. कलंडवणारे १२० आणि धरून ठेवणारे १२२, म्हणजे टेबल नुसतं श्वास रोखून उभं! मग मी बटणांचा आणि आयलेटचा ८ किलोचा डबा खालच्या फळीवर मागच्या बाजूला, पुढच्या पायांपासून १२ इंचांवर ठेवला. ९६ वाढले, एकूण २१८ झाले. टेबल जागचं हलेना. जड माल खाली आणि मागे ठेवायचा तो यासाठी. डबा रिकामा होत आला की त्यात वाळूची पिशवी टाका. तुमचा दांडा लांब असेल तर पुढच्या पायांना खाली एक आडवी फळी बोल्टनं लावा आणि तिच्यावर उभं राहून काम करा, तुमचंच वजन टेबलाला धरून ठेवेल.

पायांखाली मऊ रबर लावू नका, टेबल गादीवर ठेवल्यासारखं होतं. सायकलच्या जुन्या टायरचे तुकडे खिळ्यांनी ठोकले तर खालच्या मजल्यावर आवाज जात नाही आणि टेबलही लवत नाही.

डायांसाठी, म्हणजे बटण ज्यांच्यात धरून दाबलं जातं त्या धातूच्या साच्यांसाठी, सागवानाचा उरलेला ठोकळा घेऊन त्यात जोडी-जोडीनं भोकं पाडा. वरची आणि खालची डाय शेजारी-शेजारी, आणि प्रत्येक जोडीपुढे ती बसवते ते बटण खिळ्यानं ठोकून ठेवा. नाव लिहिण्यापेक्षा हे बरं, घाईत डोळा बटण ओळखतो. टेबल कूलरच्या झोतात ठेवू नका. त्या ओल्या हवेनं माझ्या डायांवर पहिल्याच उन्हाळ्यात तांबूस ठिपके आले. आता काम संपलं की मशीनच्या तेलाचा बोळा फिरवते आणि ठोकळा झाकणाच्या डब्यात ठेवते. मालही तपासून घ्या. पितळेचं म्हणून दिलेलं आयलेट चुंबकाला चिकटलं तर आत लोखंड आहे, पावसाळ्यात त्याचा डाग कापडावर उतरेल.

पहिली चाचणी रद्दी कापडावर घ्या, आणि ज्या कापडाची पिशवी आहे त्याच जाडीच्या. दांडा खाली आल्यावर किती दाबायचं ते डायच्या स्क्रूनं ठरवा, हातानं नाही. आयलेटची कड सगळीकडून सारखी वळली, कापडात फिरली नाही आणि कुठे चीर गेली नाही, की स्क्रूचा नट आवळून टाका. मुलं घरात असतील तर काम थांबवताना दांडा खाली करून कापडी पट्टीनं बांधा. वर उभा राहिलेला दांडा त्यांना ओढावासा वाटतोच.

अक्षय तृतीयेच्या सुमारास बाराही बोल्ट एकदा आवळा. कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं आणि बोल्ट आपोआप सैल पडतात. पोळा झाला की पुन्हा बघा. तेव्हा लाकूड फुगलेलं असतं, म्हणून नुसतं तपासा, जोर लावू नका.

विजयादशमीला मी हे टेबल दीक्षाभूमीच्या वाटेवर लावते. बाबासाहेबांनी १९५६ साली धम्मदीक्षा दिली ती ही जागा. तिथे येणारी माणसं पुस्तकं विकत घेतात, पाच नाही, दहा-पंधरा घेतात, खेड्यावरून आलेली म्हातारी माणसंसुद्धा. पातळ पिशवीचा बंद त्या ओझ्यानं तुटतो. मी पिशव्या विकते आणि तुटलेल्या बंदाला आयलेट घालून देते, कुणाचीही पिशवी असो. तिथली जमीन उंचसखल असते, त्यामुळे चारपैकी एक पाय नेहमी अधांतरी राहतो. त्यासाठी लाकडाच्या चार पाचरी सोबत असू द्या. टेबल आधी डोलवून बघा, जो पाय उचलला जातो त्याच्याखालीच पाचर सरकवा, मग प्रेस बसवा.

नेताना प्रेस फळीवरून काढा. लावलेला ठेवून उचलला तर फळी हातात फिरते. फळी स्कूटरच्या पायाजवळ उभी राहते, पायांच्या दोन जोड्या मागच्या सीटवर बांधायच्या, प्रेस आणि डबा ऑटोनं किंवा दुसऱ्या फेरीत. बोल्ट आणि पाना यांची थैली मी फळीच्या खालच्या बाजूला खिळ्याला टांगून ठेवते. एकदा ती घरी राहिली होती, आणि मानेवाड्याहून परत फेरी मारून येईपर्यंत सकाळची सगळी गर्दी निघून गेली होती.