जुन्या दुनळी बंदुकीचं जडावकाम आणि झिलई पारखताना या चुका टाळा

बंदूक हातात आली की आधी ती उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करा, मगच भिंग घ्या. पॉलिशचं फडकं मात्र लांब ठेवा. सगळ्यांत महागात पडणारी चूक इथेच होते: नीट दिसावं म्हणून पारखण्याआधीच बंदूक घासली जाते आणि जे पाहायचं होतं तेच पुसून जातं.

पिवळं दिसलं की जडाव समजणं

खऱ्या जडावात पोलादात खोबण कोरून तिच्या कडा आतून तिरक्या कापतात, म्हणजे तळ तोंडापेक्षा रुंद होतो. त्यात मऊ, शुद्ध सोन्याची तार किंवा पत्रा ठोकला की सोनं पसरून कडांखाली अडकतं. कोफ्तगिरीत पोलादावर उभ्या-आडव्या बारीक रेघा ओढून त्यांवर सोनं दाबून बसवतात. मुलामा म्हणजे नुसता पातळ थर.

फरक ओळखायचा तो झिजलेल्या जागी. दिवा बाजूने, जवळजवळ आडवा धरा आणि 10 पटीच्या भिंगातून पाहा. जाळीसारख्या रेघा उघड्या पडल्या असतील तर कोफ्तगिरी. उंचवट्यांवर पोलाद दिसतंय आणि कोरीव रेघांच्या तळाशी पिवळं उरलंय, तर मुलामा. सोन्याची कड रेखीव आणि झिजूनही सलग असेल, तर जडाव. पिवळ्यावर काळपट किंवा हिरवट छटा आली असेल तर बहुधा पितळ आहे. आम्लाची चाचणी बंदुकीवर करूच नका. ओघळलेला थेंब शेजारचं ब्लूइंग, म्हणजे पोलादावर रसायनांनी चढवलेला निळा-काळा थर, उडवतो.

गडद रंगांना भुलणं

हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात तापवून केस हार्डनिंग केलेल्या, म्हणजे पृष्ठभाग कठीण केलेल्या ॲक्शनवरचे (नळ्या ज्याला जोडतात त्या यंत्रणेच्या भागावरचे) निळे-तपकिरी ढग हाताळणीने आणि उन्हाने फिके होऊन रुपेरी करडे होतात. आडोशाला, म्हणजे वरच्या खटक्याखाली आणि चापाच्या कड्याआड, ते टिकतात. उघड्या भागावर रंग ताजे आणि आडोशाला करडं, हे उलटं चित्र दिसलं तर रंग नंतर चढवलेत. इंद्रधनुष्यासारखे गोलाकार पट्टे गॅसच्या टॉर्चच्या ज्योतीचे असतात, आणि त्या आचेने पृष्ठभागाचा कठीणपणाही कमी झालेला असू शकतो.

नळ्यांचं काळं ब्लूइंग नुसतं डोळ्यांनी पाहणं

जुन्या दुनळीच्या नळ्या आणि मधली पट्टी बहुतेक वेळा कथील-शिशाच्या सोल्डरने जोडलेल्या असतात. गरम कॉस्टिक क्षारांच्या ब्लूइंगने हा जोड खाल्ला जातो. म्हणून नळ्या ॲक्शनपासून सोडवून दोरीने टांगा आणि बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारा. घंटेसारखा लांब नाद हवा. भद्द आवाज आला तर पट्टी सुटली आहे.

पुन्हा घासलेल्या नळ्या कडांवरून कळतात. प्रूफचे (नळीची ताकद तपासल्याचे) शिक्के पुसट, अक्षरांची एक बाजू उथळ, स्क्रूच्या भोकाभोवती बशीसारखा खळगा. अशा वेळी नळीच्या भिंतीची जाडी मापून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. घासताना गेलेलं पोलाद परत येत नाही.

दस्त्याकडे शेवटी, घाईत पाहणं

मूळ लाकूड धातूच्या किंचित वर असतं. सांध्यावरून नख फिरवा: ते धातूवरून लाकडाकडे नेताना खाली उतरलं, तर दस्ता सँडपेपरने घासलाय. पकडीवरच्या चौकड्यांच्या चरांत चकाकणारा वार्निश साचला असेल, तर जवसाच्या तेलाची जुनी झिलई झाकली गेली आहे. नावाची आद्याक्षरं असलेली चांदीची लंबगोल टिकली लाकडाच्या पातळीशी जुळते का, तेही पाहा. घासलेल्या दस्त्यावर ती बोटाला लागते.