पोट साफ होत नाही? चूर्ण बदलायच्या आधी ओटीपोटाचे स्नायू बघा

पोट साफ होत नाही म्हटलं की आपल्याकडं सल्ले लगेच चालू होतात, रात्री दुधात तूप घे, इसबगोल घे, त्रिफळा घे, सकाळी उठून रंकाळ्याला चक्कर मार. सल्ले चुकीचे नाहीत, बऱ्याच जणांना फरक पडतो पण. पण काहींचं असं असतं की सगळं करून झालं, संडास मऊ आहे, कळ पण येते, तरी बसलं की अर्धा तास कुंथायचं, थोडंसं होतं आणि आत काहीतरी राहिलंय असं दिवसभर वाटत राहतं. हे त्यांच्यासाठी लिहितेय, कारण त्यांची अडचण खाण्यात कमी आणि सोडणाऱ्या स्नायूंमध्ये जास्त असू शकते. जुन्या बद्धकोष्ठतेसाठी मोठ्या दवाखान्यात जाणाऱ्यांत साधारण तिघांत एकाला हाच त्रास निघतो, आणि तो शिकून सुधारता येतो.

आधी आतलं थोडं समजून घ्या. छातीच्या खाली श्वासाचा पडदा म्हणजे डायफ्राम, पुढून आणि बाजूनं पोटाचे स्नायू, मागं मणक्याजवळचे बारके स्नायू, आणि सगळ्यात खाली पेल्विक फ्लोअर, म्हणजे पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत पसरलेला स्नायूंचा तळ. कोअर म्हणजे हे चारही, नुसते सिक्स पॅक नाही. श्वास घेतला की पडदा खाली येतो आणि तळही हलकेच खाली जातो, सोडला की दोन्ही वर. या तळातला एक स्नायू गुदाशयाला मागून गोफणीसारखा धरून पुढं ओढून ठेवतो, त्यामुळं तिथं वाक पडतो, आपण बसलेलो असताना, चालताना काही बाहेर येत नाही ते त्यामुळंच. संडासला बसल्यावर हा स्नायू ढिला पडला पाहिजे, मग वाक उघडतो आणि मार्ग सरळ होतो. काही जणांत नेमकं उलटं होतं, जोर लावायला गेलं की तो आणखी आवळतो. मग वरून ढकलतोय आणि खालून बंद, कितीही इसबगोल खाल्लं तरी काय होणार, उलट पोट जास्त फुगतं.

तुमचं असं होतंय का ते घरी बघता येतं. टॉवेलची गुंडाळी करा, कडक खुर्चीवर पुढून मागं अशी उभी ठेवा आणि तिच्यावर बसा. आता गॅस रोखल्यासारखं आवळा, खालचा भाग टॉवेलवरून वर उचलल्यासारखा वाटेल. सोडा. मग नाकानं सावकाश श्वास आत घ्या, तो भाग टॉवेलवर थोडा जड टेकला पाहिजे. शेवटी गॅस सोडताना करतो तसा हलका जोर द्या. तेव्हा खालचा भाग खाली न येता आत ओढला जात असेल, दात किंवा ढुंगण आवळलं जात असेल, तर बहुतेक गाठ इथंच आहे. पक्कं निदान डॉक्टरच करतील, पण दिशा कळते.

आमच्या आत्याचं हेच झालं. मंगळवार पेठेतल्या जुन्या घरात उकिडवं बसायचा संडास होता, राजारामपुरीत फ्लॅट घेतल्यावर कमोड आला आणि हिचा त्रास वाढत गेला. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी सगळ्यात आधी काय बघितलं असेल तर परकराची नाडी, कमरेवर बोटभर रुंदीचा वळ उठलेला, काळपट पडलेला. म्हणाल्या मावशी, पोटाला हलायला जागाच नाही, श्वास खाली जाणार कसा. ती सगळा श्वास छातीतच घेत होती. नाडी सैल करणं, पायाखाली पाट आणि श्वासाचा सराव, एवढ्यावर सुरुवात झाली आणि काही आठवड्यांनी कुंथणं बरंच कमी झालं.

श्वास असा करायचा. पाठीवर झोपा, पोटऱ्या खुर्चीवर टेकवा, एक हात बेंबीवर, दुसरा बरगड्यांच्या बाजूला. नाकानं चार आकडे मोजत श्वास घ्या, पोट वर आलं पाहिजे आणि बरगड्या बाजूला फाकल्या पाहिजेत, खांदे नाही उचलायचे. सहा आकडे मोजत तोंडानं सोडा. श्वास घेताना खालचा तळ पसरतोय, सैल पडतोय तिकडं लक्ष ठेवा, मुद्दाम ढकलू नका. सकाळ संध्याकाळ पाच पाच मिनिटं. जेवल्यावर पोट ढोलासारखं टम्म होतं त्यांनी तर नक्की करा, कारण काहींच्यात गॅस फार नसतोच, जेवल्यावर पडदा खाली दाबला जातो आणि पोटाची भिंत सैल सुटते, म्हणून पोट पुढं येतं. दिवसभर पोट आत ओढून बसायची सवय असेल तर तीही सोडा.

आता संडासातलं. चहा-नाष्टा झाल्यावर पंधरा वीस मिनिटांनी बसा, कारण पोटात अन्न पडलं की मोठ्या आतड्याची हालचाल आपोआप वाढते, ती वेळ कामाच्या गडबडीत घालवू नका आणि आलेली कळ दाबून ठेवू नका. कमोडसमोर घरातला पाट नाहीतर छोटं स्टूल ठेवा, वीतभर उंची पुरते, गुडघे कमरेपेक्षा वर आले पाहिजेत. थोडं पुढं वाका, कोपरं मांडीवर, पाठ सरळ, जबडा सैल. श्वास घ्या, पोट आणि कंबर रुंद होऊ द्या, आणि ती रुंदी तशीच ठेवून ओठांचा चंबू करून हळूहळू फुंका. जोर पोटातून खाली जातो, चेहरा लाल होत नाही, श्वास कोंडत नाही. दोन तीनदा करून थांबा, परत श्वास. दहा मिनिटांत नाही झालं तर उठा, नंतर परत कळ येईल तेव्हा जा. मोबाईल बाहेर ठेवा, तासभर बसून कुंथल्यानं मूळव्याध वाढते आणि तळाचे स्नायूही ताणले जातात. भारतीय संडास असेल आणि गुडघे चांगले असतील तर तुमची बैठक आधीच बरोबर आहे.

केगल म्हणजे हा तळ आवळायचे-सोडायचे व्यायाम, त्याबद्दल थोडं स्पष्ट सांगते. नेटवर सगळीकडं केगल करा, केगल करा चालू असतं. अर्नोल्ड केगल या अमेरिकन डॉक्टरांनी 1948 मध्ये ते मांडलं ते बाळंतपणानंतर सैल पडलेल्या स्नायूंसाठी. खोकताना लघवी किंवा गॅस सुटतो, संडास रोखता येत नाही, त्यांना त्याचा खरंच उपयोग होतो. पाच सेकंद आवळा, दहा सेकंद पूर्ण सोडा, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पण ज्यांचा तळ आधीच आवळलेला आहे त्यांनी सोडायला शिकल्याशिवाय आवळायचे व्यायाम करत बसू नये, त्रास वाढू शकतो. टॉवेलची टेस्ट त्यासाठीच आधी सांगितली.

तालमीतली, जिममधली पोरं आणि मार्केट यार्डात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा उचलणारे, तुमच्यासाठी एकच गोष्ट, वजन उचलताना श्वास कोंडून सगळा दाब खाली टाकू नका, उचलायच्या क्षणी श्वास सोडा. बैठका चांगल्याच आहेत, खाली जाताना श्वास आत, वर येताना बाहेर. घरी दाराची चौकट धरून मलासनात, म्हणजे उकिडवं, अर्धा मिनिट बसलात तरी तळ मोकळा होतो, गुडघा दुखत असेल तर राहू द्या.

खाण्याचं वेगळं सांगायला नको, भाकरी, पालेभाजी, पाणी. फक्त तंतू, म्हणजे फायबर, हळूहळू वाढवा, एका दिवसात वाटीभर कोशिंबीर नको. आणि रोज झालंच पाहिजे असं काही नाही, दिवसाला तीनदा ते आठवड्याला तीनदा हे सगळं नॉर्मलमध्ये येतं.

चार सहा आठवडे मनापासून करून फरक नाही पडला तर पोटविकार तज्ज्ञांकडं जा, ते गुदद्वाराच्या दाबाची तपासणी म्हणजे मॅनोमेट्री आणि फुगा बाहेर टाकायची टेस्ट सांगू शकतात. त्यात उलटं आवळणं दिसलं तर बायोफीडबॅक असतं, पडद्यावर स्वतःच्या स्नायूंची हालचाल बघून सोडायला शिकायचं, निम्म्याहून जास्त लोकांना त्यानं फरक पडतो. दवाखान्यात फोन करतानाच विचारा की पेल्विक फ्लोअर फिजिओथेरपी करता का, नुसती कंबरदुखीची फिजिओ नको. बायकांनी लाज धरून थांबू नका, बाई डॉक्टर, बाई फिजिओ मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आणि संडासात रक्त, काही न करता कमी झालेलं वजन, अंगात रक्त कमी, पंचेचाळीशीनंतर अचानक बदललेली सवय, यातलं काही असेल तर पाट आणि श्वास बाजूला ठेवून आधी तपासून घ्या. दोन मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आला, लघवी अडकली किंवा संडासवरचा ताबा अचानक गेला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, सकाळची वाट बघायची नाही.