होज पाईप फुटला? "सेम टू सेम" मागायच्या आधी हे वाचा

आमचं दुकान तुर्भे एमआयडीसीत. काम एकच, हायड्रॉलिक होज, म्हणजे प्रेशरचं तेल नेणारे, आत तार असलेले रबरी पाईप कापायचे, टोकाला निप्पल (पाईपच्या आत जाणारं धातूचं तोंड) आणि फेरूल (त्यावरची धातूची टोपी) लावून क्रिम्प करून, म्हणजे मशीनने दाबून घट्ट करून द्यायचे. सकाळी शटर अर्धं वर गेलं नाही तोवर कोणीतरी तेलात माखलेला फुटका पाईप गोणपाटात गुंडाळून आणतो, काउंटरवर आपटतो आणि म्हणतो, "दादा, सेम टू सेम बनवून द्या, लवकर द्या, गाडी उभी आहे." मी देतो बनवून, धंदाच आहे आपला. पण तोच माणूस तीन आठवड्यांनी परत येतो, हातात तसाच पाईप आणि फुटलेला पण त्याच जागी, आणि वर मलाच ऐकवतो की तुमचा माल हलका आहे. अरे बाबा, सेम टू सेम मागितलं तर फुटणार पण सेम टू सेमच ना.

तर आधी फुटका पाईप नीट बघा, भंगारात टाकायची घाई करू नका. वरचं रबर एकाच जागी घासून आतली तार चमकतेय तर तो कशावर तरी घासत होता. पाईप गार असताना वाकवला आणि उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगा दिसल्या, हाताला काडीसारखा कडक लागला, तर तो उष्णतेने नाहीतर वयाने गेलाय. बाहेरचं कव्हर चांगलं पण कापून बघितलं तर आत तारा जागोजागी तुटलेल्या, म्हणजे प्रेशरचे झटके खात होता किंवा पाईपच कमी ताकदीचा होता. फिटिंगच्या अगदी तोंडाशी फुटला तर तिथूनच वाकवलेला असणार. निप्पल अख्खंच्या अख्खं बाहेर आलं तर क्रिम्पिंग चुकलंय, त्यात दोष पाईप बनवणाऱ्याचा, म्हणजे आमच्यासारख्यांचा, आणि ते सरळ तोंडावर विचारायचं. सक्शनचा, म्हणजे टाकीतून पंपाकडे तेल ओढणारा पाईप चपटा झालेला दिसला तर तिथे सक्शनचा, आत स्पायरल तार असलेला होज लावलेलाच नाही.

यातलं सगळ्यात कॉमन म्हणजे घासणं. महापेत एका कारखान्यात इंजेक्शन मोल्डिंग मशीनचा एकच होज लागोपाठ तीनदा फुटला. तिथले मेंटेनन्सचे काका वैतागून म्हणाले तुम्हीच येऊन बघा. गेलो. मशीन बंद असताना पाईप आणि गार्डच्या पत्र्यात चांगलं दोन बोटं अंतर, घासायला काही कारणच नाही असं वाटावं. मग म्हटलं लांब उभं राहून चालू करून बघू. मोल्ड बंद होऊन प्रेशर चढलं की पाईप साप उडी मारतो तसा उसळायचा आणि बरोब्बर पत्र्याच्या कापलेल्या काठावर आपटायचा, दर सायकलला एकदा. दिवसाला किती सायकल होतात हिशोब करा. एक क्लॅम्प आणि हातभर नायलॉनची स्लीव्ह, बास, एवढंच काम होतं, सांडलेलं तेलच त्याच्या कितीतरी पट महाग गेलं होतं त्यांना. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो की रूटिंग, म्हणजे पाईप कुठून कसा जातो ते, बंद मशीनवर बघून उपयोग नाही, चालू मशीनवर बघा, आणि जेसीबी-पोकलेन असेल तर बूम पूर्ण वर, पूर्ण खाली, बकेट आत-बाहेर असं सगळं करून बघा.

क्लॅम्प पण मापाचा हवा. ढिला क्लॅम्प म्हणजे पाईप त्याच्यातच घासणार, आणि बाइंडिंग वायरने बांधलेला पाईप तर मी बघितला की डोकंच फिरतं, ती तार करवतीसारखी आत जाते. दुसरा आपला लाडका जुगाड म्हणजे सायकलची जुनी ट्यूब कापून पाईपवर गुंडाळायची. दिसायला बरं दिसतं हो, पण आत पाणी आणि खडी अडकते, पाईप आतल्या आत कुजतो आणि वरून कळतच नाही. खाडीच्या बाजूला, उरण-जेएनपीटी साईडला गाड्या चालतात त्यांचं तर विचारूच नका, खारी हवा कव्हरच्या छोट्याशा चिरेतून तारेपर्यंत गेली की गंज धरतो. तळोजा-तुर्भ्याच्या केमिकल प्लांटमध्ये धुराने तेच होतं. कव्हर फक्त दिसायला नसतं, तारेचा रेनकोट आहे तो, तार उघडी दिसली की पाईप बदलायचा, वरून टेप मारायचा नाही.

आता लांबी. प्रेशर आलं की होज थोडा लांब नाहीतर आखूड होतो, साधारण अधिक २ टक्क्यांपासून उणे ४ टक्क्यांपर्यंत. म्हणजे १ मीटरचा पाईप ४ सेंटीमीटर आखूड होऊ शकतो. तुम्ही दोन टोकांमध्ये तारेसारखा ताणून बसवला तर तो दर झटक्याला फिटिंगमधून बाहेर यायला बघणार. थोडी ढील ठेवा. पण "असू दे जास्तीचा" म्हणून फूटभर लांब पण नको, तो लोंबून दुसरीकडे घासतो.

वाकवण्याची पण हद्द असते. अर्धा इंची (आतला व्यास) दोन तारी होज, म्हणजे आत तारेचे दोन थर असलेला, ज्याच्यावर २एसएन लिहिलेलं असतं, त्याचा कमीत कमी बेंड रेडियस (वळणाची त्रिज्या) १८० मिलिमीटर, पाव इंचीचा १००, पाऊण इंचीचा २४०, एक इंचीचा ३००. याच्यापेक्षा जास्त वळवला की बाहेरच्या बाजूच्या तारा ताणल्या जातात, आतल्या बाजूच्या दबतात, आणि पाईप कॅटलॉगमध्ये लिहिलेलं प्रेशर घेतच नाही. जागा कमी असेल तर पाईपशी कुस्ती खेळू नका, ४५ किंवा ९० अंशाचं एल्बो फिटिंग घ्या. आणि फेरूल संपल्यावर पाईपच्या जाडीच्या दीडपट तरी सरळ जाऊ दे, मग वळण सुरू करा.

पीळ हा प्रकार तर कोणी बघतच नाही. पाईपवर लांबीला एक छापील रेघ असते, कंपनीचं नाव, साईज वगैरे, ती फक्त वाचायला नाहीये. पाईप बसवल्यावर ती रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत एका बाजूने गेली पाहिजे, जिलबीसारखी फिरलेली दिसली तर पाईपला पीळ बसलाय. नट सोडा आणि परत बसवा. पीळ बसतो कारण एकाच पान्याने नट आवळतात आणि त्याच्याबरोबर पाईप पण फिरतो, म्हणून दोन पाने घ्यायचे, एक निप्पलच्या षटकोनावर धरून ठेवायचा, दुसऱ्याने नट आवळायचा. हेल्परला हे एकदा समोर करून दाखवा, सांगून लक्षात राहत नाही.

प्रेशरच्या बाबतीत लोक फसतात कारण बाहेरून दोन पाईप सारखेच काळे दिसतात. अर्धा इंची एक तारी १एसएन चालतो १६० बारला (बार हे प्रेशरचं माप), दोन तारी २एसएन चालतो २७५ ला. आणि दोन तारीमध्ये पण साईज वाढली की प्रेशर कमी होतं, पाव इंची ४०० बार, पाऊण इंची २१५, एक इंची १६५. हे उलटं वाटतं पण असंच आहे. २० टनी पोकलेनचं मेन प्रेशर ३५० बारच्या आसपास असतं, तिथे पाऊण इंचीत चार स्पायरल तारेचा ४एसपी किंवा ४एसएच लागतो, आणि लोक येतात "दोन तारीच द्या हो, स्वस्त पडतो" म्हणत. एकाने तर मला हिशोब पण सांगितला की बर्स्ट प्रेशर, म्हणजे पाईप फुटायचं प्रेशर, चौपट असतं ना मग चालतंय की. चौपट असतं ते खरंय, पण ते झटक्यांसाठी, उष्णतेसाठी आणि म्हातारपणासाठी राखून ठेवलेलं असतं, तुमच्या रोजच्या वापरासाठी नाही. आणि ऑपरेटर मशीन स्लो आहे म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह (प्रेशर हद्दीबाहेर जाऊ न देणारा) अर्धा आटा आवळतो ना, त्याला आधी गेज लावून दाखवा किती वर गेलं ते.

साईज पण तपासा. सोपा हिशोब आहे, मिनिटाला जितके लिटर तेल जातं त्याला २१.२ ने गुणा आणि पाईपच्या आतल्या व्यासाच्या मिलिमीटरच्या वर्गाने भागा, सेकंदाला मीटरमध्ये वेग मिळतो. ६० लिटर अर्ध्या इंचीतून म्हणजे जवळपास ८ मीटर. प्रेशर लाईनला ६ च्या आत ठेवायचा असतो, म्हणजे इथे पाऊण इंची हवा, त्यात तो साडेतीनच्या आसपास येतो. छोट्या पाईपमधून जास्त तेल ढकललं की तेल तापतं, आणि तापलं की रबर कडक होतं. साधा नायट्राइल रबरचा होज १०० डिग्रीपर्यंतचा असतो, पण १०० ला रोज चालवलात तर तो लवकरच जाणार, आमचा दुकानातला अंदाज असा की दर १० डिग्रीला आयुष्य साधारण अर्धं. मे महिन्यात घोडबंदरच्या साईटवर धुळीने तेलाचा कूलर चोंदलेला असतो आणि लोक होजला शिव्या देतात. आधी कूलरला हवा मारा. सायलेन्सरजवळून पाईप जात असेल तर लांब घ्या नाहीतर हीट स्लीव्ह घाला.

फिटिंगमध्ये एक सापळा सांगतो. अर्धा आणि पाऊण इंचीत बीएसपी (ब्रिटिश आटा) आणि एनपीटी (अमेरिकन आटा) दोघांचे आटे इंचाला १४ च, त्यामुळे एक दुसऱ्यात दोन-तीन आटे मस्त जातो, मग अडतो, मग पठ्ठ्या लांब पाना घालून आवळतो, टेफ्लॉन गुंडाळतो, तरी गळतंच. अँगल वेगळा आहे, ५५ आणि ६०. हाताने शेवटपर्यंत जात नसेल तर थांबा, थ्रेड गेजने बघा. तसंच बीएसपीचा ६० चा कोन आणि जेआयसी या दुसऱ्या प्रकारच्या फिटिंगचा ३७ चा, हे एकमेकांवर बसत नाहीत, कितीही आवळा.

क्रिम्पिंग करून घेताना दुकानात उभे राहा, लाजू नका. पाईप कापल्यावर आतून फोमची गोळी हवेने मारून साफ केली का बघा, कारण रबराची आणि तारेची भुकटी व्हॉल्व्हच्या स्पूलमध्ये (आत सरकणाऱ्या दांड्यात) गेली की होजपेक्षा मोठा खर्च. निप्पल किती आत जायला हवं त्याची खूण पाईपवर केली का, आणि क्रिम्प झाल्यावर फेरूलचा व्यास व्हर्निअरने मोजून त्या कंपनीच्या चार्टशी जुळवला का. एका कंपनीचा होज आणि दुसऱ्याचं फिटिंग असं मिक्स शक्यतो नको. नवीन पाईप लावल्यावर फेरूल आणि होज दोन्हींवरून मार्करची एक रेघ मारून ठेवा, ती तुटलेली दिसली की फिटिंग सरकतंय, फुटायच्या आधीच कळतं.

वय पण बघा. छापील रेघेवर बऱ्याचदा तिमाही आणि वर्ष असतं, २क्यू२३ म्हणजे २०२३ ची दुसरी तिमाही. जर्मन स्टँडर्ड डीआयएन २००६६ प्रमाणे नुसता होज ४ वर्षांपेक्षा जास्त साठवायचा नाही, आणि बनवलेला पाईप साठवणीची जास्तीत जास्त २ वर्षं धरून ६ वर्षांत काढायचा. आपल्याकडे ऊन, पाऊस, धूळ बघता मी तर त्याच्या आधीच काढा म्हणतो. स्पेअर पाईप वेल्डिंगच्या जागेजवळ, मोटरजवळ किंवा उन्हात टांगू नका, ओझोनने रबर तडकतं. खंडेनवमीला मशीन धुऊन पुसून हार घालतो ना आपण, त्याच दिवशी फडकं हातात असताना प्रत्येक पाईप बघून घ्या, पावसाळा नुकताच संपलेला असतो, गंज आणि भेगा दोन्ही दिसतात. (मशीन बंद, प्रेशर शून्य, आणि हार तारेने पाईपला बांधू नका, तो पण काढावा लागला होता मला एकदा.)

आणि हे मात्र गंमत म्हणून वाचू नका. बारीक गळती हाताने शोधायची नाही. सुईच्या छिद्रातून येणारं तेल दिसत नाही पण ते हातमोजा आणि कातडी भेदून आत जातं, बाहेर मुंगी चावल्यासारखा ठिपका दिसतो आणि आत बोट सडायला लागतं. लांब काठीला पुठ्ठा बांधून फिरवा, ओला डाग उठला की जागा सापडली. कोणाला लागलंच तर दुखत नसलं तरी टिटॅनसचं इंजेक्शन घेऊन घरी पाठवू नका, सर्जन असलेल्या मोठ्या हॉस्पिटलला लगेच न्या आणि सांगा की प्रेशरचं हायड्रॉलिक तेल आत गेलंय, ऑपरेशनला उशीर झाला तर बोट कापायची वेळ येते. पाईप खोलायच्या आधी बकेट जमिनीवर टेका, इंजिन बंद करा, सगळे लिव्हर पुढे-मागे करून उरलेलं प्रेशर काढा, आणि ॲक्युम्युलेटर (प्रेशर साठवून ठेवणारी टाकी) असेल तर तो वेगळा रिकामा करा, इंजिन बंद म्हणजे प्रेशर गेलं असं नसतं.

राहता राहिलं दुकानात यायचं. लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजा, एल्बो असेल तर त्याच्या मधल्या रेषेपर्यंत, दोन्ही टोकांना एल्बो असतील तर त्यांचा आपसातला अँगल पण, नाहीतर पाईप बरोबर लांबीचा होऊन पण पीळ देऊनच बसवावा लागेल. छापील रेघेचा फोटो, मशीनचं प्रेशर, तेल कुठलं ते सांगा, साधं मिनरल ऑइल असेल तर ठीक, पण फायर-रेझिस्टंट फॉस्फेट एस्टर असेल तर नायट्राइलचा होज चालतच नाही. पाईप काढल्यावर मशीनची उघडी तोंडं प्लगने बंद करून या, चिंधी कोंबू नका. आणि फुटका पाईप आणाच, जिथे फुटलाय तिथे खडूने गोल करा आणि मशीनवर तो कुठल्या बाजूला, कशाजवळ होता तेवढं सांगा.