हॅम्लेट वाचायचं कसं: आधी कुणाला काय माहीत आहे ते मांडा

हॅम्लेटबद्दल एक वाक्य सगळीकडे फिरत असतं: ही निर्णय न घेता येणाऱ्या माणसाची गोष्ट आहे. लॉरेन्स ऑलिव्हिएच्या १९४८च्या चित्रपटाच्या सुरुवातीलाच ते ऐकू येतं, आणि गाइडांमधून ते अजून पाठ करून घेतलं जातं. हे वाक्य डोक्यात घेऊन वाचायला बसलात तर प्रत्येक प्रवेशात फक्त चालढकल दिसेल आणि कथानक हातातून निसटेल. ते बाजूला ठेवा. सूडाच्या शोकांतिकेत खून गुप्त असतो, त्यामुळे सगळं नाटक एका प्रश्नावर चालतं: खून झाला हे कुणाला ठाऊक आहे, कधीपासून, आणि कशाच्या आधारावर?

प्रत

टिपा असलेली कुठलीही चांगली प्रत घ्या. सारांश आधी वाचू नका. मराठीतून सुरुवात करायची असेल तर आगरकरांनी केलेलं हॅम्लेटचं भाषांतर ‘विकारविलसित’ आहे, १८८३चं. त्यातल्या हॅम्लेटचं नाव चंद्रसेन; गणपतराव जोशींनी रंगभूमीवर गाजवलेला चंद्रसेन तो हाच. भाषा जुन्या वळणाची आहे, पण मोठ्याने वाचली की वाट सापडते.

माणसं: बापांवरून मांडा

पात्रांची यादी पाठ करण्यात काही अर्थ नाही. एका कागदावर तीन घरं काढा. पहिलं डेन्मार्कचं राजघराणं: मेलेला राजा हॅम्लेट, त्याचा भाऊ आणि आताचा राजा क्लॉडियस, राणी गर्ट्रूड, मुलगा हॅम्लेट. दुसरं मंत्री पोलोनियसचं: मुलगा लेआर्टिस, मुलगी ऑफिलिया. तिसरं नॉर्वेचं: थोरल्या हॅम्लेटने द्वंद्वात मारलेला राजा आणि त्याचा मुलगा फॉर्टिनब्रास. प्रत्येक घरात बाप मारला जातो आणि मुलगा मागे उरतो. तिघांच्या वागण्याची तुलना करायला शेक्सपिअरने ही मांडणी केली आहे, म्हणूनच फॉर्टिनब्रासला वगळणारा प्रयोग मला अर्धवट वाटतो. ऑलिव्हिएने त्याला वगळलं आहे.

होरेशिओ कुठल्याच घरात बसत नाही. त्याचं नाव कागदाच्या कडेला लिहा, तो शेवटी लागणार आहे.

आणखी एक गोष्ट इथेच टिपून ठेवा, कारण आपल्या वाचकाला ती हमखास अडते. बाप मेल्यावर मुलगा राजा का झाला नाही? या नाटकातल्या डेन्मार्कमध्ये राजा निवडला जातो. क्लॉडियसने गादी बळकावली असं दरबाराला मुळीच वाटत नाही. दरबाराच्या दृष्टीने तो रीतसर राजा आहे.

पहिले दोन अंक

हे सोपे आहेत, सलग वाचा. भूत चौघांना दिसतं, पण बोलतं फक्त हॅम्लेटशी, म्हणजे क्लॉडियसने कानात विष ओतून आपला खून केला ही त्याची हकिगत ऐकणारा एकटा हॅम्लेट. भूत जिथून आल्याचं सांगतं ती जागा पर्गेटरीसारखी आहे, म्हणजे कॅथलिक श्रद्धेप्रमाणे मेलेल्यांची पापं जिथे धुऊन निघतात ती, आणि हॅम्लेट शिकतो विटेनबर्गला, म्हणजे ख्रिस्ती धर्मसुधारक ल्यूथरच्या विद्यापीठात. पर्गेटरी नाकारणारा पंथ तिथूनच उभा राहिला. तेव्हा हे भूत सैतानाचं सोंग तर नसेल, ही शंका त्या काळच्या प्रेक्षकाला पूर्ण रास्त वाटणारी होती. तिला सबब म्हणून उडवून लावणाऱ्यांचं ऐकू नका.

काळाचाही हिशेब ठेवा. पहिल्या अंकात राजाला जाऊन दोन महिनेही झालेले नाहीत, आणि तिसऱ्या अंकात ऑफिलिया चार महिने झाल्याचं सांगते. मधले सुमारे दोन महिने पडद्याआड गेले आहेत. हॅम्लेटवर विलंबाचा आरोप करायचाच असेल तर तो या दोन महिन्यांबद्दल करा. दुसऱ्या अंकाच्या शेवटी तो स्वतःवर तोच आरोप करतो आणि नाटक्यांकरवी राजाची परीक्षा घ्यायचं ठरवतो. तिथून पुढे तो स्वस्थ बसत नाही.

तिसरा अंक: इथे सावकाश जा

मलाही हाच अंक सगळ्यात जास्त अडला होता, आणि माझ्याबरोबर वाचणारे बहुतेक जण इथेच अडकलेले मी पाहिले आहेत. तुमच्या वेळेतला निम्मा वेळ या अंकाला द्या. एका बैठकीत सगळा अंक उरकू नका.

पहिला अडथळा असा की प्रेक्षकाला खरं काय ते हॅम्लेटच्या आधी कळतं. पहिल्याच प्रवेशात पोलोनियस सहज एक वाक्य बोलतो आणि क्लॉडियस बाजूला वळून आपल्या मनाला चाबूक बसल्याचं कबूल करतो. ते दोन-चार ओळींचं असल्यामुळे, आणि लगेच पुढे नाटकातलं सगळ्यात प्रसिद्ध स्वगत येत असल्यामुळे, डोळे त्यावरून घसरतात. तिथे पेन्सिलने खूण करा. इथून पुढे तुम्हाला जे माहीत आहे ते हॅम्लेटला माहीत नाही, आणि दोघांची माहिती एकच धरून वाचलंत तर त्याचा राग येत राहील.

दुसरा अडथळा म्हणजे नाटकातलं नाटक. गाइडं सांगतात की खुनाचा देखावा पाहून राजा उठला आणि गुन्हा सिद्ध झाला. हे चूक आहे. देखाव्यात कानात विष ओतणारा माणूस राजाचा कोण लागतो, ते बघा. हॅम्लेट स्वतः मोठ्याने सांगतो की तो माणूस देखाव्यातल्या राजाचा पुतण्या आहे. भाऊ नव्हे. आता दरबाऱ्यांच्या जागी बसून बघा. त्यांना जुन्या खुनाची कल्पना नाही. त्यांना दिसतं ते इतकंच, की राजाच्या पुतण्याने राजासमोर, पुतण्या राजाला मारतो असं नाटक करवलं. राजा उठून गेला तर त्यात त्यांना नवल काय वाटणार? तो क्षण हॅम्लेटला पुरावा वाटतो, दरबाराला धमकी वाटते, आणि क्लॉडियसला दोन्ही. होरेशिओला हकिगत आधी सांगितलेली असल्यामुळे तो राजाकडे वेगळ्या नजरेने बघत होता, पण त्याचीही उत्तरं किती तोलून मापून आहेत ते पाहा. हॅम्लेट उड्या मारतो, होरेशिओ एवढंच म्हणतो की मी नीट पाहिलं.

हे तिन्ही अर्थ एकाच वेळी मनात धरता आले की पुढचं सगळं सरळ होतं. नाही आले तर प्रवेश पुन्हा वाचा. पुढे जाऊ नका.

तिसरा अडथळा प्रार्थनेचा. क्लॉडियस एकटा असताना भावाच्या खुनाची कबुली देतो आणि गुडघे टेकतो. हॅम्लेट त्यानंतर येतो. कबुली त्याने ऐकलेली नाही, हे मी आवर्जून सांगतो, कारण बऱ्याच वाचकांच्या आठवणीत ती त्याने ऐकलेली असते. त्याला दिसतो तो प्रार्थना करणारा राजा. तलवार उपसून तो थांबतो, आणि कारण स्पष्ट सांगतो: प्रार्थनेत मारला तर हा स्वर्गात जाईल, आणि माझा बाप मात्र पापं धुऊन घ्यायची संधी न मिळता मेला. हे कारण भयंकर आहे. दुबळ्या माणसाला ते सुचत नाही. ते सुचतं सूड पुरता डोक्यात गेलेल्या माणसाला, ज्याला शत्रूचा जीव पुरत नाही, आत्माही हवा असतो. हॅम्लेट गेल्यावर क्लॉडियस उठतो आणि सांगतो की शब्द वर गेले, मन खालीच राहिलं. प्रार्थना झालीच नव्हती. हॅम्लेटला हे कधीच कळत नाही.

आणि लगेच पुढच्या प्रवेशात, आईच्या दालनात, पडद्यामागे आवाज होताच तो तलवार खुपसतो, राजा असेल या समजुतीने. मरतो पोलोनियस. हे दोन प्रवेश कधीही सुटे वाचू नका. एकात शत्रू समोर असून वार होत नाही, दुसऱ्यात न बघता वार होतो, आणि नाटकाची उरलेली सगळी प्रेतं त्या दुसऱ्या वारातून निघतात. निर्णय न घेता येणारा माणूस हा असा नसतो.

गर्ट्रूडला खून माहीत होता का? माझं ठाम मत, नाही. हॅम्लेट तिला राजाच्या खुनाबद्दल बोलतो तेव्हा ती तेच शब्द चकित होऊन परत उच्चारते. १६०३च्या छोट्या आवृत्तीत तर ती शपथेवर नाही म्हणते. नेहमी छापल्या जाणाऱ्या संहितेत तशी शपथ नाही, म्हणून यावर वाद होत राहतो.

चौथा अंक

इथे भूमिका उलटतात. आता बाप लेआर्टिसचा मेला आहे आणि मारणारा हॅम्लेट आहे. लेआर्टिस जमाव घेऊन थेट राजवाड्यात शिरतो, चर्चमध्येसुद्धा गळा कापायची तयारी दाखवतो. प्रार्थनेचा प्रवेश आठवून हे वाचा. ऑफिलियाची गाणी घाईने ओलांडू नका, त्यांत मेलेला बाप आणि फसवलेली मुलगी दोघं आहेत. फॉर्टिनब्रासच्या सैन्यावरचं हॅम्लेटचं स्वगत १६२३च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित आवृत्तीत, नाही. तुमच्या प्रतीत ते नसेल तर दुसरी प्रत शोधा.

पाचवा अंक

हॅम्लेट आणि लेआर्टिस यांच्या द्वंद्वाच्या प्रवेशात कागदावर दोन खुणा करा: पात्यावरच्या विषाची कुणाला माहिती आहे, आणि प्याल्यातल्या विषाची कुणाला. दोन्ही राजा आणि लेआर्टिस यांनाच माहीत आहेत, आणि गर्ट्रूड प्याला उचलते. मग पाती बदलतात, लेआर्टिस मरता मरता राजाचं नाव घेतो आणि हॅम्लेट राजाला मारतो. आता नीट बघा: लेआर्टिसने सांगितलं ते आजच्या विषाबद्दल. थोरल्या राजाच्या खुनाबद्दल दरबारात कुणीही काहीही सिद्ध केलेलं नाही. हॅम्लेट वार करतो तेव्हा लोक राजद्रोह म्हणून ओरडतात, आणि त्यांच्या माहितीप्रमाणे ते बरोबरच आहेत. मारताना हॅम्लेट राजाला खुनी म्हणतो, पण बापाचं नाव घेत नाही. आईच्या मागे जा, म्हणतो.

म्हणूनच तो होरेशिओला विष पिऊ देत नाही. सगळी हकिगत ठाऊक असलेला जिवंत माणूस आता तो एकटाच आहे. तो बोलला नाही तर इतिहासात हॅम्लेट राजाचा खुनी म्हणून राहील. फॉर्टिनब्रास आल्यावर होरेशिओ काय काय सांगायचं कबूल करतो, ती यादी तुमच्या कागदाशी ताडून बघा. तुमच्याकडे एखादी घटना कमी असेल तर ती कुठल्या प्रवेशात सुटली ते शोधा आणि तिथून पुन्हा वाचा.